न चुकलेला पत्ता

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एका घरात, गेली आठ-नऊ वर्षं एक विनोद सांगितला जातो. त्या घरातले वडील पोस्टमन होते. सगळी नोकरी त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं. पाकिटावर नुसतं 'लिंबाच्या झाडामागे, म्हातारीच्या घरी' असं लिहिलेलं असलं तरी ते पत्र बरोबर त्या म्हातारीच्या हातात पडायचं. असा हा माणूस आयुष्यात एकदाच दिल्लीला गेला आणि स्वतःच्या मुलाचाच पत्ता चुकला. यावर घरातले हसतात, पाहुणे हसतात. ते स्वतःही हसायचे.

या जानेवारीत ते गेले. त्यांच्या मयतीच्या दिवशीसुद्धा हा विनोद सांगितला गेला, असं मला त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. सांगताना तो रडत होता आणि हसतही होता.

त्यांचा पत्ता चुकला नव्हता. ते बरोबर दारात आले होते आणि दारातून मी त्यांना परत पाठवलं. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत आहे, असं मी समजत होतो. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही ती मुलासाठी, आणि मी सांगितली नाही ती माझ्यासाठी. आता ते नाहीत. माझं वय शहात्तर आहे. मी लिहिलं नाही तर त्या सज्जन माणसाच्या नावावर ही चूक कायमची राहील.

पण आधी माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ते दार मी एका दिवसात बंद केलं नव्हतं.

तरुणपणी मी केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून दिल्लीला आलो आणि इथेच निवृत्त झालो. ऑफिसात माझी एक ख्याती होती. अडलेली फाईल माझ्याकडे द्या, ती बाहेर निघेल. आमचे एक साहेब कुठल्याही कागदावर पहिली सही करत नसत. आधी दुसऱ्या कुणाची असली तरच यांचं पेन उघडायचं. मग मी अशी फाईल आधी शेजारच्या विभागाच्या साहेबांकडे 'केवळ माहितीसाठी' म्हणून पाठवायचो. ते वाचल्याची खूण म्हणून कोपऱ्यात आद्याक्षरं टाकायचे. ती आद्याक्षरं बघून आमचे साहेब निर्धास्तपणे सही ठोकायचे. नियम कुठेही मोडलेला नाही, काम झालेलं आहे. दिल्लीवाले याला जुगाड म्हणतात. मला तो शब्द आवडायचा नाही. मी म्हणायचो, रस्ता बंद असेल तर बाजूने वाट असतेच, ती दिसायला डोळे लागतात.

घरीही तेच. नातीला शाळेत घालायचं होतं तेव्हा घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असेल तर जास्त गुण मिळायचे. रस्त्याने अंतर सव्वा किलोमीटर भरत होतं. मी नाल्याकडेच्या पायवाटेने स्वतः चालत गेलो, टेप धरून अंतर मोजलं, नकाशा काढला आणि अर्जाला जोडला. नातीला प्रवेश मिळाला. जावयाने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, "आमचे सासरे म्हणजे चालतं-फिरतं गूगल मॅप आहेत, यार." मी त्या वाक्यावर महिनाभर खूश होतो.

निवृत्तीनंतर आम्ही मयूर विहारमधल्या एका सहकारी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मुलगी लग्न होऊन नोएडाला गेली होती, एक खोली रिकामी होती. त्या दिवसांत मी रविवारी कधीकधी कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या सदनात, पोहे खायला जायचो. तिथे महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं भेटायची. खेड्यापाड्यातली हुशार मुलं, डोळे खोल गेलेली, आठ बाय आठच्या खोलीत तिघं-चौघं राहणारी. मला वाटलं, आपली खोली रिकामीच आहे. बायको म्हणाली, "दोन पोळ्या जास्त टाकायच्या, त्यात काय."

अडचण सोसायटीची होती. अविवाहित भाडेकरू ठेवायचा नाही, हा नियम. महिन्याहून अधिक राहणारा पाहुणा जवळचा नातेवाईक असला पाहिजे, हाही नियम. मी नियमावली दोनदा वाचली आणि वाट सापडली. नातेवाईक म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात कुठेच नव्हती. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नात्याचा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं, भाचा.

मला सख्खी बहीण एक, पुण्याला. तिला मुलगा एकच. पण पुढच्या सात वर्षांत माझ्याकडे अकरा भाचे राहून गेले. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायचो, की मला काका म्हणायचं नाही, मामा म्हणायचं, हिला मामी. आमचे सेक्रेटरी पंजाबी गृहस्थ, मोकळ्या स्वभावाचे. ते एकदा पार्कमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "अंकल जी, आपकी बहन जी ने तो पूरी क्रिकेट टीम बना दी!" सगळे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, यांना काय कळणार.

ज्याची ही गोष्ट, त्या मुलाचा नंबर आठवा की नववा. आधीच्या एका भाच्याने त्याला आणलं होतं. चार ठिकाणी खोली बघितली, चारही ठिकाणी नाव विचारलं आणि नाव ऐकून 'बाद में बताते हैं' म्हणाले. बारीक अंगाचा, शांत, चष्मेवाला मुलगा. वडील पोस्टमन. उत्तम मराठी बोलायचा, माझ्या नातवंडांपेक्षा कितीतरी चांगलं. आमच्या नातीला निवडणं आणि वेचणं यातला फरक कळत नाही. हा मुलगा बायकोबरोबर बसून मेथी निवडायचा आणि निवडता निवडता घटनेची कलमं म्हणून दाखवायचा. बायकोने पहिल्या दिवशी बजावलं, "रमजानात पहाटे उठून मी काही करणार नाही हं. तुझं तू बघायचं." आणि रमजानात पहाटे तीनला उठून तीच त्याला धिरडी घालून द्यायची. मी पांघरुणातून कूस बदलली की म्हणायची, "झोपा तुम्ही. मामाचं काम रजिस्टरात लिहिण्यापुरतंच."

रजिस्टरात मी काय लिहिलं, ते आता सांगतो. त्या मुलाचं नाव भाचा म्हणून खपणार नव्हतं. आमच्या सोसायटीत त्याबाबत कुठलाही नियम नव्हता, कुणी कधी मला तसं काही बोललंही नव्हतं. शेजारच्या एका सोसायटीत काहीतरी झाल्याचं पार्कमध्ये कानावर आलं होतं, तेवढंच. पण मी अडथळा दिसायची वाट बघणारा माणूस नव्हतो. अडथळा येण्याआधीच मी वाट काढायचो. मी रजिस्टरात माझ्या सख्ख्या, पुण्याच्या भाच्याचं नाव लिहिलं आणि त्याला सांगितलं, "गेटवर कुणी विचारलं तर हे नाव सांगायचं."

त्याने ते नाव एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "गेटवर तेवढंच ना, मामा?"

"गेटवर तेवढंच," मी म्हटलं.

पण ते तेवढंच राहिलं नाही. गार्ड त्याला त्या नावाने हाक मारायचा आणि याला ओ द्यायला एक क्षण उशीर व्हायचा. मी त्याला सांगितलं, ओ पटकन द्यायला शीक. मी सांगितलं, तुझ्या नावाचं कुरिअर, पत्र, काहीही या पत्त्यावर मागवायचं नाही. तो सगळ्याला 'बरं' म्हणायचा. दोन वर्षं तो तसा राहिला आणि दोन वर्षं मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिलो, की चार घरांनी नाकारलेल्या मुलाला मी घर दिलं.

दुसऱ्या वर्षी तो मुलाखतीपर्यंत पोचला. मुलाखतीच्या दिवशी सगळ्या मूळ कागदपत्रांची तपासणी असते. त्याचा नॉन-क्रिमीलेअरचा नवा दाखला गावाकडे तहसिलीत अडकला होता, तो आठवडाभर आधी निघाला. वडील म्हणाले, स्पीड पोस्टने पाठवतो, माझं खातं आहे, दोन दिवसांत पोचेल. मुलगा म्हणाला, या पत्त्यावर नको. का नको, ते त्याने सांगितलं नसावं. तेव्हा वडील म्हणाले, मग मीच घेऊन येतो. मूळ प्रत वेळेत पोचली नाही तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

ते मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येणार होते. मुलगा त्यांना स्टेशनवर घ्यायला जाणार होता. पण त्यांना आधीची गाडी मिळाली आणि ते दुपारीच उतरले. मुलगा क्लासमध्ये सराव-मुलाखतीला बसला होता, फोन बंद. वडिलांकडे पत्ता होता. दोन वर्षांपूर्वी मुलगा इथे राहायला आला तेव्हाच त्यांनी तो त्याच्याकडून पिनकोडसकट लिहून घेतला होता.

एप्रिलची दुपार. बायको मुलीकडे नोएडाला गेली होती. मी जेवून आडवा झालो होतो. इंटरकॉम वाजला. गार्ड म्हणाला, "अंकल, कोई बुज़ुर्ग आए हैं. फ्लैट नंबर आपका ही बोल रहे हैं, पर जिसका नाम ले रहे हैं वो तो आपके यहाँ है नहीं."

नाव काय घेतलं, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. पायऱ्या उतरताना मी काय करायचं ते ठरवत होतो. त्यांना बाजूला घ्यायचं, गेटच्या बाहेर नेऊन सांगायचं, मग दहा मिनिटांनी 'माझे मेहुणे आलेत' म्हणून वर आणायचं. वाट तयार होती. पण खाली पोचलो तर गेटजवळ सेक्रेटरी उभे. रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराशी बोलत होते. ते थांबले आणि आमच्याकडे बघू लागले.

पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. चेहरा प्रवासाने काळवंडलेला, पण प्रसन्न. मला बघताच त्यांनी हात जोडले. "नमस्कार साहेब," ते मराठीत म्हणाले, आणि मुलाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्याने, अभिमानाने. "मी त्याचा वडील. तुम्हीच मामा ना?"

हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. त्याच्यावर माझं नाव, माझा फ्लॅट नंबर.

सेक्रेटरी म्हणाले, "अंकल जी, आपके यहाँ आए हैं?"

माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मला स्वतःलाच धक्का बसला. मी त्या वडिलांकडे वळून म्हणालो, "नहीं भाईसाहब, इस नाम का यहाँ कोई नहीं रहता."

हिंदीत म्हणालो. माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या माणसाला मी हिंदीत उत्तर दिलं, जणू मला मराठी कळतच नाही. ते मी ठरवलं नव्हतं. तीस-चाळीस वर्षं बाजूच्या वाटा शोधून माझी जीभच आपली आपण वाट काढायला शिकली होती.

त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग गेटच्या भिंतीवर फ्लॅटधारकांच्या नावांचा फलक आहे, त्याच्याकडे पाहिलं. बोट न लावता, नुसत्या नजरेने ते एकेक ओळ खाली आले आणि तिसऱ्या मजल्यावर थांबले. तिथे माझं नाव होतं. त्यांनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग सेक्रेटरींकडे एकवार बघितलं आणि कागदाची घडी घातली.

"माझंच चुकलं असंल," ते म्हणाले. "माफ करा साहेब, तुम्हाला उन्हात खाली यायला लागलं."

आणि ते गेले.

मी वर आलो. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. मागच्या गेटने जाऊन त्यांना गाठता आलं असतं. पण गाठून काय सांगायचं होतं? मी पुन्हा चपला काढल्या. मुलाला मेसेज करता आला असता, वडील आले होते म्हणून. तोही केला नाही, कारण पुढचा प्रश्न आला असता, की मग ते आता कुठे आहेत? दाखला त्यांच्या पिशवीत होता, मुलगा क्लासमध्ये होता, आणि त्या दोघांना जोडणारा एकुलता एक माणूस पंख्याखाली बसून होता. रक्तदाब वाढला असेल म्हणून मी गोळी घेतली.

संध्याकाळी साडेसहाला मुलगा घरी आला. तोवर बायको परतली होती. त्याच्या हातात खाकी लिफाफा आणि एक स्टीलचा डबा.

"मामी, आज काय झालं माहितीये?" तो दारातूनच हसत म्हणाला. "अब्बा पत्ता चुकले! अख्खी नोकरी पोस्टात केली आणि पत्ता चुकले! पाच वाजता मी फोन चालू केला तर म्हणतात, मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली बसलोय, सोसायटी काही सापडंना. मामा, इथून पाच मिनिटांवर बसले होते, पाच मिनिटांवर!"



"अरे, मग त्यांना घरी का नाही आणलंस?" बायको म्हणाली.

"म्हटलं ना मी, चला. ऐकेचनात. म्हणाले, लॉज घेतलाय, सामान तिथंय, उद्या तुझी मुलाखत आहे, लोकांच्या घरी गर्दी नको. हे अम्मीने तुमच्यासाठी पाठवलंय. शेंगदाण्याची चटणी आणि लाडू."

"लोकांच्या घरी? मामाचं घर लोकांचं का?" बायको खरंच दुखावली. "आणि तुम्ही काय गप्प बसलात? फोन लावून बोलवा की त्यांना. तुमचा मान ठेवतील."

मी म्हटलं, "दमले असतील. राहू दे."

मी गेटवरचा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला. त्या माणसाला सगळं कळलं होतं. त्या जिन्याखाली चार तास बसून त्याने विचार केला असेल. उद्या मुलाची मुलाखत. आज त्याला कळलं की ज्या घराला तो आपलं म्हणतो त्या घराच्या दारात त्याच्या बापाला ओळख दिली गेली नाही, तर उद्या तो त्या खोलीत काय बोलेल? म्हणून एका पोस्टमनने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की मला पत्ता सापडला नाही. माझ्यासारख्या हिकमती माणसाला असली वाट सुचली नसती. माझ्या प्रत्येक वाटेची किंमत दुसरा कुणीतरी द्यायचा. या वाटेची त्यांनी स्वतः दिली.

त्या रात्रीच्या जेवणात मी ती चटणी खाल्ली. बायकोने दोनदा वाढली.

त्या वर्षी मुलाची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी तो राज्यसेवेतून लागला, आता चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याने संबंध तोडले नाहीत. दिवाळीला, ईदला, हिच्या वाढदिवसाला फोन करतो. आणि बहुतेक फोनवर तो विनोद नव्याने सांगायचा. "अम्मी अब्बांना दूध आणायला पाठवते तर म्हणते, चिठ्ठी देऊ का लिहून, नाहीतर दिल्लीसारखं कराल." "काल भाची म्हणाली, नाना, शाळेत सोडायला तुम्ही नका येऊ, दुसऱ्या शाळेत सोडाल." प्रत्येक वेळी मी हसायचो.

मी काहीच केलं नाही असं नाही. मी आपल्या पद्धतीने वाट काढली. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना पानिपतला नेतो, एकदा तसा गेलो असताना तिथून एक जाड, चांगलं लोकरी ब्लँकेट घेतलं आणि मुलाच्या हाती वडिलांसाठी पाठवलं. माफी मागायच्या ऐवजी ब्लँकेट. त्यानंतर एकदा मुलाने त्यांना फोनवर दिलं.

"नमस्कार साहेब. ब्लँकेट पोचलं. ऊब चांगली आहे."

"हो का. छान."

मग दोघंही गप्प. मला वाटतं त्यांनी मला वेळ दिला. मुद्दाम दिला. मी हवापाण्याचं काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "तब्येत सांभाळा," आणि फोन मुलाकडे दिला.

जानेवारीत मुलाचा फोन आला. अब्बा गेले, झोपेतच. मग तो म्हणाला, "मामा, मयतीला त्यांचे जुने पोस्टमास्तर आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, या माणसाच्या हातून एक पत्र चुकलं नाही, फक्त स्वतःच्या पोराचं घर चुकलं. लोक रडता रडता हसायला लागले."

मी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला असं पांढरंफटक पडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मी त्यांच्या बायकोने केलेली चटणी दोनदा वाढली तुम्हाला. आणि तुम्ही खाल्लीत."

मग म्हणाली, "फोन करा त्यांना."

मी लगेच फोन केला नाही. त्याआधी त्या सेक्रेटरींना भेटायला गेलो. ते आता पदावर नाहीत, गुडघे गेलेत, बाल्कनीत बसून असतात. मला वाटलं, सुरुवात सोप्या ठिकाणाहून करावी. त्यांना सांगितलं की अमुक वर्षी माझ्याकडे राहणारा मुलगा माझा भाचा नव्हता, त्याचं नाव ते नव्हतं.

ते म्हणाले, "वो तो पता था, अंकल जी."

"क्या पता था?"

"सब. पहले महीने से. गार्ड ने बताया था कि लड़का फोन पर अम्मी-अम्मी बोलता है. मैंने कहा, बोलने दे भाई, शरीफ़ बच्चा है, मेरे पोते को मैथ्स पढ़ा देता है. आप भाँजा लिखते रहे, हमने कहा चलो, भाँजा सही."

मी विचारलं, त्या दिवशी गेटवर एक गृहस्थ आले होते, आठवतं का?

"याद है. मैंने इसीलिए तो पूछा था आपसे. आप हाँ बोल देते तो मैं ख़ुद ऊपर छोड़ के आता उनको. आपने मना कर दिया, तो मैंने सोचा, घर का मामला होगा, मैं कौन होता हूँ."

तिथून घरापर्यंत मी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. दोन मजले चढून जिन्यात बसलो. जो अडथळा चुकवण्यात मी स्वतःला एवढा शहाणा समजत होतो, तो तिथे नव्हताच. निदान त्या गेटवर, त्या दुपारी नव्हता. तो मी बनवला होता आणि तोच मी त्या माणसासमोर धरला होता.

त्याच संध्याकाळी फोन केला. मुलाने उचलला. मी सगळं सांगितलं, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून एका दमात. शेवटी सेक्रेटरींचंही सांगितलं.

मग तो म्हणाला, "अम्मीला सांगा." आवाज त्याचा वाटत नव्हता. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

त्या माउलीला मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मीच सगळ्यात जास्त हसले त्यांना. इतकी वर्षं." मग विचारलं, "पाणी तरी दिलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहून द्या. मराठीत. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला सगळं गाव येणार आहे. पोस्टमास्तर येणार आहेत. त्यांच्यापुढं पोरगं वाचून दाखवील." आणि फोन बंद झाला.

ते पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. आयुष्यभर सरकारी टिपणं लिहिलेल्या माणसाला चार ओळी लिहायला तीन दिवस. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'सोसायटीचे त्या काळचे वातावरण लक्षात घेता'. बायकोने वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "हे काढा." दुसऱ्यात लिहिलं, 'मुलाच्याच हिताचा विचार करून'. "हे तर आधी काढा," ती म्हणाली. तिसऱ्यात 'गैरसमजातून' होतं. तेही गेलं. प्रत्येक खर्ड्यात मला कुठूनतरी एक बाजूची वाट सापडत होती, आणि बायको पेन्सिल घेऊन ती बंद करत होती.

शेवटचा कागद मी तिच्यापुढे ठेवला. त्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव. ते योग्य घराच्या दारात आले होते. त्यांनी मला विचारलं. आणि 'मी नाइलाजाने नाही म्हणालो.'

तिने पेन्सिल माझ्याकडे दिली. "एक शब्द राहिलाय. तो तुम्हीच काढा."

मी 'नाइलाजाने' खोडलं. वाक्य फार छोटं दिसायला लागलं. मी ते तसंच नव्या कागदावर उतरवलं, सही केली, आणि ती पाकीट शोधायला आत गेली.